मक्याच्या शेतातली सिमेट्री: पहिलं माणूस कुणाच्या घरचं?

काळी_माती (धागालेखक)

मे महिन्यात आईबाबा इकडे होते. शिकागो झालं, नायगारा झाला, डिस्नेला बाबा नको म्हणाले, आणि उरले आमच्या आयोवातले दोन रविवार. आयोवात पाहुण्यांना दाखवायचं काय, हा इथल्या तमाम मराठी घरांना छळणारा प्रश्न आहे. मका दाखवून झाला की सोयाबीन दाखवतात, आणि मेमध्ये तर तोही बोटभरच असतो. मी त्यांना सिमेट्री बघायला नेलं.

सीडर काउंटीत सीडर नदीजवळ रोचेस्टर म्हणून बारकंसं गाव आहे. गाव आता नावापुरतंच, पण तिथली दफनभूमी तेरा एकरांची. सपाट हिरवळ, रांगेत दगड, प्लॅस्टिकची फुलं, असं काही डोळ्यांसमोर आणू नका. उंचसखल टेकाडं, त्यावर जुने पांढरे ओक, आणि गुडघाभर गवतातून कुठेकुठे डोकावणारे संगमरवरी दगड. मेमध्ये शूटिंग स्टारची फुलं लागतात. पाकळ्या मागे उलटलेल्या, वाऱ्यावर धावत असल्यासारखी दिसतात.

आई आधी गाडीतून उतरेना. "कुठे आणलंस रे," म्हणाली. बाबा म्हणाले, "परवाच अक्षय्य तृतीयेला आपल्या पितरांना घागर दिली ना, आज ह्यांच्या पितरांना भेटू." आणि तरातरा चालायला लागले.

बाबांनी चाळीस वर्षं कोरेगाव तालुक्यात शेती केली आहे. ते दगड वाचत नव्हते, जमीन वाचत होते. एका जागी बसले, माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली आणि तिच्या टोकाने माती उकरली. "वाळवट आहे. ह्यात पीक धड यायचं नाही. म्हणून माणसं ठेवली इथं." मग गवताचा एक झुपका धरून ओढला. तो काही केल्या निघेना. "आणि हिला नांगर लागलेला नाही. कधीच." दोनशे फुटांवर रस्ता, पलीकडे मैलोन् मैल मका, आणि हा माणूस किल्लीने उकरून मला आयोवाचा इतिहास सांगत होता.

परत निघताना त्यांनी विचारलं, "इथं पहिलं माणूस कुणाच्या घरचं ठेवलं असेल?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून शोधतोय. जे हाती लागलं ते असं:

आयोवाचा पूर्वेकडचा पट्टा अमेरिकन सरकारने सौक आणि मेस्क्वाकी ह्या मूळनिवासी लोकांकडून १८३२ च्या तहात घेतला. त्याला ब्लॅक हॉक पर्चेस म्हणतात. १ जून १८३३ पासून गोऱ्या वसाहतकऱ्यांना मिसिसिपी ओलांडून यायला मुभा मिळाली. पण सरकारी जमिनीचा पहिला लिलाव झाला नोव्हेंबर १८३८ मध्ये, डब्यूक आणि बर्लिंग्टनला. म्हणजे मधली साडेपाच वर्षं लोक राहत होते, नांगरत होते, बाळंत होत होते आणि मरतही होते, पण सातबारा एकाच्याही नावावर नव्हता. कुंपणाच्या खुणा करायच्या आणि शेजाऱ्यांनी मिळून 'क्लेम क्लब' काढायचा, की लिलावाच्या दिवशी बाहेरच्याने आपल्या तुकड्यावर बोली लावू नये.

ह्या काळात जी माणसं गेली ती अशा जमिनीत पुरली गेली, जी अजून कुणी विकतच घेतली नव्हती. चर्च नव्हतं, शाळा नव्हती, काउंटीचं कोर्ट नव्हतं. थडगं होतं. मग शेजारच्या क्लेमवरचं कुणी गेलं की तो माणूस येऊन विचारायचा, तुमच्या मुलीशेजारी ठेवू का? अशी पाचसहा झाली की त्या टेकाडाला आपोआप नाव पडायचं. पुढे जमीन रीतसर नावावर झाल्यावर मालक तेवढा एखादा एकर टाउनशिपला, चर्चला किंवा पंचांना लिहून द्यायचा. त्या कागदावर जी तारीख पडते तीच पुढे फाटकावर 'स्थापना' म्हणून लागते. खरी स्थापना त्याआधीच झालेली असते, कुणाच्या तरी घरातल्या मरणाने.

इथे कुणी अशा जुन्या ग्रामीण सिमेट्र्या पाहिल्यात का? इलिनॉय, नेब्रास्का, मिनेसोटावाले, लिहा.

---

वाटसरू

भारी धागा. पण टेकाडावरच का? आमच्याकडे स्मशान ओढ्याकाठी, गावाच्या खालच्या अंगाला. इथे उलटं.

---

काळी_माती

@वाटसरू, आपल्याकडे जाळायचं असतं आणि नंतर अंघोळ, म्हणून पाणी जवळ हवं. इथे पुरायचं असतं, म्हणून पाणी लांब हवं. खोलगट जागी सहा फूट खणलं तर वसंतात खड्ड्यात पाणी भरतं. शिवाय पहिल्या वर्षी सगळ्यात चांगली सपाट जमीन नांगराखाली आणायची घाई. उरतो तो उतार नाहीतर वाळूचं टेकाड. वरून पुन्हा लांबून दिसतं, हा फायदा.

---

शिलालेखवेडा

माझा आवडता विषय निघाला, आता माझी सुटका नाही.

जुन्या सिमेट्रीत गेलात की सर्वात जुनी तारीख शोधू नका, तिथे हमखास फसाल. पहिल्या दहावीस वर्षांत कोरीव दगड परवडणारा नव्हता आणि मिळतही नव्हता. ओढ्यातला नाहीतर शेतातला एखादा चपटा धोंडा डोक्याशी, एक छोटा पायाशी. अक्षर एकही नाही. किंवा लाकडी फळी, जी वीस वर्षांत कुजली. प्रेअरीत, म्हणजे इथल्या मोकळ्या गवताळ माळावर, लांडगे होते, म्हणून उकरू नये यासाठी वर ओंडके आणि दगड रचायचे. पुढे घराला पैसा आला की मुलं आईबापांसाठी संगमरवर आणायची आणि त्यावर जुनी तारीख घालायची. त्यामुळे '१८४१' लिहिलेला दगड १८७० चा असू शकतो. दगडाची घडण बघा: पातळ पांढरी उभी फळी असेल तर साधारण इथल्या गृहयुद्धाच्या (१८६१-६५) आधीची किंवा आसपासची, जाड चौकोनी, चकचकीत ग्रॅनाइट असेल तर बरीच नंतरची.

खुणाही वाचता येतात. विपिंग विलो म्हणजे शोक. वर दाखवणारं बोट म्हणजे गेलेला स्वर्गात गेला. दोन हातांची पकड म्हणजे निरोप, बहुधा नवराबायको. बाह्यांकडे नीट बघितलं तर एका मनगटावर झालर असते, दुसऱ्यावर साधा कफ. कोकरू म्हणजे मूल. आणि बहुतेक थडगी पूर्व-पश्चिम असतात, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी उठून उभं राहिलं की तोंड उगवतीला.

एक गंमत. निळसर राखाडी, अजिबात शेवाळ न धरलेला, अक्षरं कालच कोरल्यासारखी असा 'दगड' दिसला तर बोटाच्या पेराने वाजवून बघा. टण्ण वाजेल. तो दगड नाही, जस्त आहे, आतून पोकळ. विकणाऱ्यांनी त्याला 'व्हाइट ब्रॉन्झ' असं भारदस्त नाव दिलं होतं. १८७० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टहून असली स्मारकं मागवली जात. शेजारचा संगमरवर साखरेसारखा झडून गेलाय, आणि लोकांनी स्वस्तातलं म्हणून नाक मुरडलेलं जस्त अजून ठणठणीत.

---

पिंपळपान

आपल्याकडच्या वीरगळांची आठवण झाली. तिथेही नाव नसतं बऱ्याचदा, पण खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंग, म्हणजे कथा वाचता येते.

---

शिलालेखवेडा

@पिंपळपान, आणि दोन्हीकडे अर्धे दगड कुणाच्या तरी पायरीला लागलेले असतात.

---

प्रेअरी_पंत

काकांना माझा साष्टांग नमस्कार कळवा. गवताचा झुपका ओढून बघणं ही आमच्या खात्यातली पहिली परीक्षा आहे. बिग ब्लूस्टेमची मुळं आठ-दहा फूट खोल जातात, ती हाताने काय निघणार.

युरोपियन आले तेव्हा आयोवात सुमारे २ कोटी ८० लाख एकर उंच गवताची प्रेअरी होती. आज हजारातला एक भागही शिल्लक नाही. पोलादी फाळाचा नांगर १८३७ साली जॉन डिअरने पलीकडे इलिनॉयमध्ये ग्रँड डिटूरला बनवला आणि त्यानंतर दोन पिढ्यांत खेळ खलास. मग वाचली कुठे? रेल्वेच्या कडेच्या पट्ट्यात, आणि जिथे नांगर घालणं पाप होतं तिथे, म्हणजे सिमेट्रीत. एकट्या रोचेस्टरमध्ये वनस्पतींच्या तीनशेच्या वर जाती नोंदल्यात. इलिनॉयमध्येही लोडा, वेस्टन, प्रॉस्पेक्ट ह्या सिमेट्र्या तीन ते पाच एकरांच्याच, पण तिथली काळी जमीन आणि मूळची फुलं अजून आहेत. म्हणजे ज्यांनी प्रेअरी संपवली त्यांच्याच अंगावर ती उरली.

आणखी एक, हे काकांना नक्की सांगा. न नांगरलेली प्रेअरी आणि शेजारचं शेत यांच्या हद्दीवर उभं राहिलं की पायरी जाणवते. प्रेअरी वर, शेत खाली. प्रेअरी चढलेली नाही, शेत उतरलंय. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी ह्या पायऱ्या मोजल्या. वर्षाला सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास माती गेली. गेल्या १६० वर्षांत मिडवेस्टमधून मिळून सुमारे ५७.६ अब्ज टन.

---

काळी_माती

@प्रेअरी_पंत, फोनवर सांगितलं. दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "आपल्या वरच्या पट्टीचा बांध बघ. पूर्वी माझ्या घोट्याएवढा होता, आता गुडघ्याला लागतो. मला वाटायचं बांध वाढतोय."

---

रोखठोक

लेख छान, पण 'पहिलं' हा शब्द सगळे इतक्या सहज वापरताहेत की मला राहवत नाही. पहिलं माणूस कुणाच्या घरचं? सौक लोकांच्या घरचं. मेस्क्वाकींच्या. आयोवे लोकांच्या, ज्यांचं नावच राज्याला दिलंय. नदीकाठच्या टेकाडांवर त्यांच्या आधीच्या लोकांचे दफनाचे उंचवटे हजार-दीड हजार वर्षांचे आहेत. तुमच्या वसाहतकऱ्यांनी टेकाड निवडलं तेव्हा ते आधीच कुणीतरी निवडलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

ब्लॅक हॉक पर्चेस म्हणताना ब्लॅक हॉक ह्या सौक नेत्याचं काय झालं तेही लिहा. त्याचं गाव सौकेनुक, रॉक नदी मिसिसिपीला मिळते तिथे, आज तिथे रॉक आयलंड शहर आहे. १८०४ च्या एका तहाचा आधार घेऊन १८२० च्या दशकाच्या शेवटी वसाहतकरी तिथे घुसले आणि शेतं नांगरली. गावाशेजारी पूर्वजांची थडगी होती, त्यांच्यावरूनही नांगर गेला, ही त्याची मोठी तक्रार होती. १८३२ मध्ये तो लोकांना घेऊन परत आला, युद्ध झालं, हरला. १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये आयोवातच वारला. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला बसत्या अवस्थेत ठेवलं होतं. वर्ष व्हायच्या आत त्याचा सांगाडा चोरीला गेला, दाखवायची वस्तू म्हणून. घरच्यांनी गव्हर्नर लुकासकडे दाद मागितली, हाडं परत मिळवली गेली, बर्लिंग्टनच्या एका संस्थेत ठेवली गेली आणि १८५५ मध्ये ती इमारत जळाली.

ज्याच्या नावाने जमीन ओळखतात त्याला तिच्यात साडेतीन हात जागा मिळाली नाही. हे तुमच्या 'स्थापना'च्या पाटीवर नसतं.

---

काळी_माती

मान्य. 'पहिलं' हा शब्द मी बाबांच्या तोंडून जसाच्या तसा उचलला आणि पुढे विचार केला नाही. शीर्षक बदलत नाही, प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर तोकडं होतं.

---

साधा_माणूस

प्रत्येक धाग्यात हे आलंच पाहिजे का? पायपीट करत आलेली गरीब माणसं होती ती. कॉलराने पटापट मेली. त्यांच्या पोरांच्या थडग्यांवर कोर्टकेस कशाला?

---

रोखठोक

केस नाही हो. प्रश्न 'पहिलं कोण' असा होता, त्याचं उत्तर दिलं.

---

आजीचा_बटवा

भांडू नका. मी नेब्रास्कात असते, नर्स आहे. मला अशा जागी गेलं की वयं वाचायची सवय आहे. जुन्या दगडांवर जन्मतारीख नसते, वय असतं: ३ वर्षं, ४ महिने, ११ दिवस. दिवसांपर्यंत. कुणी मोजलं असेल ते? आईनेच ना. एका दगडावर मी पाच नावं एकाखाली एक पाहिली, पाचही मुलं, सगळी तीन आठवड्यांत गेलेली. आम्हा लोकांना ते वाचून लगेच कळतं, घटसर्प. आता एका लशीचं काम. तिथे खाली बसून राहिले होते थोडा वेळ.

आणि बायकांच्या दगडांवर 'अमक्याची कॉन्सॉर्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे नवऱ्याआधी गेलेली. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. शब्दशः 'मागे उरलेली'. तिचं स्वतःचं आडनाव शोधायचं तर दगड उपयोगाचा नाही.

---

गोदाकाठ

आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, आणि आजोळी आजोबा-पणजोबा शेतातच आहेत. बसवलेल्या स्थितीत. वर लहानसा चौथरा. भाऊबंदांत वाटण्या झाल्या तेव्हा तो गुंठा कुणाच्या वाट्याला, यावर जी वादावादी झाली ती मी लहानपणी ऐकली आहे. शेवटी सामायिक ठेवला. वर लिहिलंय तसंच, एक एकर लिहून देणे. ब्लॅक हॉकला बसवून ठेवलं होतं हे वाचून चमकलो.

---

मिसिसिपीकाठ

रोखठोक आणि साधा_माणूस, दोघांसाठी एक गोष्ट. ह्याच आयोवातली, आणि पायोनियर, म्हणजे पहिल्या वसाहतकऱ्यांच्या, सिमेट्रीचीच.

१९७१. राज्याच्या पश्चिम टोकाला ग्लेनवूड गावाजवळ रस्त्याचं काम निघालं आणि वाटेत एक विसरलेली जुनी वसाहतकऱ्यांची दफनभूमी लागली. खणताना २६ गोऱ्या माणसांचे अवशेष निघाले, शिवाय एका मूळनिवासी बाईचे आणि तिच्या बाळाचे. सव्वीस जणांना नव्या शवपेट्या मिळाल्या आणि दुसऱ्या सिमेट्रीत रीतसर दफन झालं. त्या मायलेकरांची हाडं खोक्यात घालून अभ्यासासाठी आयोवा सिटीच्या प्रयोगशाळेत पाठवली.

रस्तेखात्यात एक इंजिनियर होता. त्याने हे घरी बायकोला सांगितलं. बायको मारिया पिअर्सन, यांक्टन डकोटा जमातीची, 'रनिंग मोकॅसिन्स' ह्या नावानेही ओळखली जाणारी. ती पारंपरिक पोशाख घालून थेट गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या कचेरीबाहेर जाऊन बसली. गव्हर्नरने विचारलं, तुमच्यासाठी काय करू? ती म्हणाली, माझ्या लोकांची हाडं परत द्या आणि ती उकरणं थांबवा.

ती हाडं पुरली गेली. १९७६ मध्ये आयोवाने प्राचीन दफनांचं संरक्षण करणारा कायदा केला. पुढे १९९० मध्ये देशभरासाठी जो केंद्रीय कायदा आला त्याची सुरुवात ह्या भांडणातून झाली असं मानतात.

आता ह्यातली मेख बघा. आयोवाच्या कायद्यात 'प्राचीन' म्हणजे १५० वर्षांहून जुनं. जात, वंश काही नाही. म्हणजे १८५० मध्ये पुरलेला गोरा शेतकरीही आता 'प्राचीन' झाला. उद्या त्याच्या निनावी थडग्यावर बुलडोझर आला तर त्याला वाचवायला मारिया पिअर्सनचाच कायदा धावून येणार.

---

साधा_माणूस

हे माहीत नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण हे माहीत नव्हतं.

---

रोखठोक

@साधा_माणूस, एवढं पुरे आहे. मिसिसिपीकाठ, मलाही त्या १५० वर्षांच्या अटीचं ठाऊक नव्हतं.

त्यात भर: मेस्क्वाकी परत आले. १८५७ मध्ये त्यांनी टामा काउंटीत १,००० डॉलरला ८० एकर जमीन विकत घेतली. आपलीच जमीन, रोख पैसे मोजून. आज त्यांच्याकडे आठ हजारांच्या वर एकर आहेत.

---

वकील_साहेब

कायद्याचा विषय निघालाच आहे तर: आयोवात 'पायोनियर सिमेट्री'ची व्याख्या तारखेवर नाही, हालचालीवर आहे. गेल्या ५० वर्षांत बारा किंवा त्याहून कमी दफनं झाली असतील तर ती पायोनियर. आधी हा आकडा सहा होता. त्यामुळे १८३० च्या दशकातलं रोचेस्टर, जिथे आजही लोकांना पुरतात, ते ह्या व्याख्येत बसत नाही, आणि एखादं बरंच नंतरचं, ओस पडलेलं कुरण बसतं.

ह्याच कायद्यात काउंटीला समिती नेमून अशा जागा सांभाळता येतात, आणि मुद्दाम प्रेअरीचं गवत आणि रानफुलं लावून त्या सांभाळाव्यात असं प्रोत्साहनही आहे. गवत न कापण्याला सरकारी मान्यता असलेली कदाचित एकमेव जागा. (आमच्या सोसायटीचं पत्र मला दर जूनमध्ये येतं, म्हणून जिव्हाळ्याचा विषय.)

---

प्रेअरी_पंत

@वकील_साहेब, गवत कापण्यावरून रोचेस्टरमध्ये वर्षानुवर्षं तंटा आहे. एक बाजू म्हणते माझ्या आईच्या थडग्यावर तण माजू देणार नाही, मशीन फिरवणार. दुसरी म्हणते ते तण नाही, तुझ्या पणजीने पाहिलेली फुलं आहेत ती. म्हणून तिथे कुठे चौकोनी हिरवळ दिसते आणि तिला लागून एकदम रान. मी अर्थातच रानवाला. पण कापणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांशी एकदा बोललो तेव्हा वाद घालवेना. बायकोच्या दगडापुरतंच कापत होते, कात्रीने.

---

वाटसरू

रोचेस्टरबद्दल शोधलं तर म्हणे फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट मुळात तिथलीच, तिची आई तिथे पुरलेली आहे?

---

शिलालेखवेडा

गावगप्पा. ती जन्मली पॅरिसला. प्रत्येक गावाला एक राणी लागते, त्यांना नटी मिळाली.

---

मक्याचं_कणीस

प्रेअरीत न थांबलेल्यांच्याही सिमेट्र्या आहेत. १८४६ मध्ये मॉर्मन पंथाचे लोक इलिनॉयमधलं नाउवू सोडून पश्चिमेला निघाले ते आयोवा आडवं ओलांडून. वाटेत माउंट पिसगा नावाचा मुक्काम केला, मागून येणाऱ्यांसाठी पिकं पेरून ठेवायला. १८५२ पर्यंत तो मुक्काम चालला, आणि तिथे गेलेल्यांचा आकडा तीनशे ते आठशे असा सांगतात. आकड्यातल्या फरकावरूनच कळतं, नोंदी कशा ठेवल्या असतील. १८८८ मध्ये एक स्तंभ उभारला, त्यावर माहीत होती तेवढी नावं घातली. मी गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. पेरणारे पुढे गेले, कापणी दुसऱ्यांनी केली, आणि मधले तिथेच राहिले.

---

नवखा_००७

मी पुढच्या महिन्यात एका जुन्या सिमेट्रीत जाऊन फोटो काढणार आहे, वंशावळीच्या साइटसाठी. अक्षरं पुसट आहेत. यूट्यूबवर शेव्हिंग फोम फासून वाचतात ते चालेल का?

---

शिलालेखवेडा

अजिबात नको!! फोम आम्लधर्मी असतो, संगमरवराच्या भेगांत राहतो. खडू नको, ब्लीच नको, तारेचा ब्रश तर नकोच. दगडाला टेकूही नका, शंभर किलोचा तुकडा पायावर येतो.

घरातला एक मोठा आरसा न्या. ऊन दगडाच्या एका कडेने तिरकं पाडा, एकदम बाजूने. खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि कोरी वाटणारी फळी बोलायला लागते. ढगाळ असेल तर सोबत्याला टॉर्च घेऊन बाजूला उभं करा. एवढं पुरतं.

---

आजीचा_बटवा

आणि मे अखेरीस गेलात तर झेंडे दिसतील. मेमोरियल डेला जुनी माणसं अजून 'डेकोरेशन डे' म्हणतात. १८६८ पासून ३० मेला सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायची पद्धत पडली. गृहयुद्धात आयोवाचे ७६ हजार लढायला गेले, १३ हजार परतले नाहीत, म्हणून अगदी आडरानातल्या सिमेट्रीतही एखादा तरी पितळी तारा रोवलेला असतोच. इथल्या आयरिसची फुलंही त्याच सुमारास येतात. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी लावलेली, आपली आपण येतात.

---

काळी_माती

सगळ्यांचे आभार. काल आरसा घेऊन गेलो होतो (बायकोच्या ड्रेसिंग टेबलाचा, ती इथे वाचत नाही अशी आशा). रोचेस्टरला नाही. घरापासून वीस मिनिटांवर मक्याच्या मधोमध अर्ध्या एकराचा एक चौकोन आहे, चार सीडर झाडं आणि गंजलेलं फाटक. फाटकावर सालबिल काही नाही.

सर्वात जुना कोरीव दगड १८५२ चा निघाला. पण शिलालेखवेडा यांनी सांगितलं म्हणून टेकाडाच्या माथ्यावर गवत बाजूला करून बघितलं. सात धोंडे, जोडीजोडीने, एक मोठा एक लहान. सातवा एकटाच, त्याचा पायाकडचा सापडला नाही. सगळे पूर्व-पश्चिम. आरसा फिरवून फिरवून दमलो, एकावरही काही नाही. दोन जोड्यांत डोक्याच्या आणि पायाच्या धोंड्यांमधलं अंतर अगदी थोडं. मुलं असणार.

बाहेर पडताना फाटकाच्या खाली पाऊल टाकलं आणि अडखळलो. पायरी. पंत, वीतभर आहे.

बाबांना फोटो पाठवले. त्यांचा व्हॉट्सॲपवर निरोप: "सात मोजले का नीट? पायाकडचा दगड नांगराला लागून शेतात गेला असेल. कडेकडेने बघ."

---

मिसिसिपीकाठ

मी डेव्हनपोर्टला असते. येत्या रविवारी येऊ का? मका अजून छातीएवढाच आहे, आत शिरता येईल. पण शेतमालकाला आधी विचारा.

---

काळी_माती

विचारतो. या. चहाचा थर्मास तुमचा, आरसा माझा.